जवारी काढून द्या

दस्तगीरचाचांनी गवसणीची नाडी सोडली, वाद्य मांडीवर आडवं घेतलं आणि एकेक करत खुंट्या मोजल्या. आठ भरल्या. मग त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत लावला आणि पुन्हा मोजल्या.

"हे काय म्हनायचं?"

"बास," मी म्हणालो.

"बास कसं? आत्ता तर भाईर काढलंय."

"तसं नव्हं चाचा. ह्याचं नावच बास. बास गिटार."

"गिटारला सहा तारा असत्यात."

"बासला चार असतात."

"आन् हितं आठ हायत."

"हे जोडतारांचं आहे. प्रत्येक जाड तारेशेजारी एक बारीक तार. जाड तार खर्जातली, बारीक तिच्याच वरच्या सप्तकातली. बोट एकच ठेवायचं, वाजतात दोन्ही."

चाचांनी अंगठा फिरवला. मिरजेत तंबोरे आणि सतारी करणाऱ्यांची जी गल्ली आहे, तिच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. दुकानभर भोपळे टांगलेले, जमिनीवर लाकडाचा भुसा, आणि मधोमध चाचा. गावोगावचे गवई त्यांच्याकडे तंबोरे घेऊन येत आणि जिन्यापाशी चपला काढून अदबीने बसत. मीही चपला काढल्या होत्या, पण माझ्याकडे तंबोरा नव्हता, कोल्हापुरातल्या एका दुकानात दोन वर्षं धूळ खात टांगलेलं, कुणीच घेत नव्हतं म्हणून स्वस्तात सुटलेलं हे आठतारी धूड होतं.

"आन् हे?" चाचांनी वाद्याच्या बुडाशी स्क्रूने आवळलेला लोखंडी गोळा बोटाने वाजवला.

"माप. अर्ध्या किलोचं."

"कशाचं?"

"दुकानातलं. आमचं किराणा दुकान आहे सांगलीत. काय होतं, आठ खुंट्यांनी ह्याची मान जड झालीय. हात सोडला की मान जमिनीकडे जाते. म्हणून शेपटीला वजन लावलं."

चाचांनी गंभीरपणे मान डोलावली. "आमी भोपळा लावतो, तुमी माप लावलंय. चालतंय की."

मला धीर आला. मी बाकीच्या सुधारणाही दाखवल्या. एक खुंटी ढिली होती, तिच्यात सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी ठासली होती. आतल्या तुटक्या वायरींच्या जागी जुन्या रेडिओतल्या दोन वायरी जोडल्या होत्या. मानेच्या टोकाला प्लॅस्टिकची पट्टी असते, जिच्या खाचांत तारा बसतात. त्या खाचा मला उथळ वाटल्या म्हणून कानशीने खोल केल्या होत्या. त्या जरा जास्तच खोल झाल्या. तेव्हापासून तार छेडली की ती खालच्या पट्ट्यांना लागून झणझणायची, आणि त्याचसाठी मी मिरजेला आलो होतो.

"वाजवून दावा," चाचा म्हणाले.

मी दहा मिनिटं वाजवलं. चाचा डोळे मिटून ऐकत होते.

"आनि?"

"एवढंच."

"बरं."

आता माझ्या हुशारीचा भाग. कारागिराशी बोलताना त्याच्या धंद्यातला एखादा शब्द पेरला की तो आपल्याला फसवत नाही, असं माझं मत होतं. कुठल्याशा व्याख्यानात मी ऐकलं होतं की तंबोऱ्याची तार घोडीवर, म्हणजे तारांखालच्या आडव्या पट्टीवर, घासून जो झणझणीत नाद येतो, त्याला जवारी म्हणतात. तो शब्द मी सांगलीपासून जिभेवर घोळवत आणला होता.

"चाचा, ही जी झणझण आहे ना, ही जवारी. ही तेवढी काढून द्या."

चाचांनी डोळे उघडले. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"जवारी काढू? ह्याची?"

"हो."

"आदुगर ईचार करा. घोडी बदलावी लागंल. हाडाची बसवावी लागंल, रुंद."

"बसवा की."

"बंद काढू का खुली?"

हा प्रश्न मला कळला नाही. पण मी ज्या रुबाबात सुरुवात केली होती, त्यात न कळणं बसत नव्हतं.

"पार खुली काढा. काढायचीच तर राहू कशाला द्यायची?"

"एकदा काढली की परत हे पयल्यासारखं व्हनार न्हाई बगा."

"तेच तर पाहिजे चाचा."

चाचांनी जुन्या घोडीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "ऐतवारी सकाळी न्या." मी त्यांच्या पाया पडलो आणि एस्टी पकडायला निघालो.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. मी सत्तावीस वर्षांचा होतो. आठवड्याचे सहा दिवस मी वडिलांच्या दुकानात बसायचो, आणि गावातली तमाम मंडळी मला 'श्रेणिक, पावशेर तूरडाळ' एवढ्यावरच ओळखायची. सातव्या दिवशी 'ऑर्केस्ट्रा कृष्णाकाठ'ची मॅटाडोर यायची. मी चमकीचा शर्ट घालून तिच्यात चढायचो, कुठल्यातरी गावच्या स्टेजवर जाऊन उजेडात उभा राहायचो, आणि त्या दोन-तीन तासांत मला कुणी डाळ मागायचं नाही. मला आयुष्याकडून फारसं काही नको होतं. हे तेवढं हवं होतं.

ऑर्केस्ट्राचे मालक धन्यकुमार आडमुठे. आम्हा जैनांत हे आडनाव आमच्या भागात पुष्कळ सापडतं, पण त्याला इतकं जागणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. सगळे त्यांना अण्णा म्हणत. ते अकॉर्डियन वाजवत आणि निवेदनही करत. त्यांनी नुकताच पुतण्यासाठी, म्हणजे सम्मेदसाठी, एक लांबलचक की-बोर्ड आणला होता. मागच्या रविवारी तालीम संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं.

"मगदूम, तू वाजवालायस ते काय ऐकू येत नाही रे."

"बास असाच असतो अण्णा. तो ऐकायचा नसतो, जाणवायचा असतो." हे वाक्य मी एका पुस्तकात वाचलं होतं.

"मला जाणवत पण नाही."

"ते कर्ण्यांमुळं."

हे मात्र खरं होतं. तेव्हा गावोगावचे मंडपवाले खांबांना पत्र्याचे कर्णे टांगत. कर्ण्यातून बाईचा आवाज तीन गल्ल्या पलीकडे जाई, बासरी जाई, अण्णांचे विनोद जात. पण खर्जातलं काही म्हणून बाहेर पडत नसे. तीन वर्षं मी सांगली-कोल्हापूर जिल्ह्यांत वाजवत होतो आणि माझा एकही सूर स्टेजच्या खाली उतरला नव्हता.

"ते काय असंल ते," अण्णा म्हणाले. "ह्या की-बोर्डात बासचा आवाज आहे. सम्मेदचा डावा हात तसाही रिकामाच असतोय. शिवाय मॅटाडोरमध्ये एक सीट मोकळी होईल."

"अण्णा, असं नका करू."

"मी काय वाईट माणूस नाही. रविवारी इचलकरंजीला सूतगिरणीचा रौप्यमहोत्सव आहे. त्यात तू ऐकू आलास तर ऱ्हा. नाही आलास तर सोमवारपासून दुकानात बस."

म्हणून सोमवारी मी कोल्हापूर गाठलं होतं आणि म्हणून जुन्या चारतारी बासच्या जागी ते आठतारी धूड घरी आणलं होतं. जाड तार कर्ण्यातून आली नाही तरी तिच्या शेजारची बारीक तार नक्की येणार, हा माझा हिशेब होता. हिशेब बरोबर होता. पुढे जे झालं त्याचा दोष हिशेबाला देता येणार नाही.

वडिलांचं मत वेगळं होतं. मंगळवारी तराजूपाशी उभं राहून त्यांनी विचारलं, "अर्धा किलो कुठं गेलं रे?"

"ऑर्केस्ट्रात," मी म्हणालो. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. माझ्याबद्दल जास्त माहिती करून घ्यायचं त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी सोडून दिलं होतं.

रविवारी सकाळी आठ वाजता मॅटाडोर मिरजेच्या गल्लीत शिरली. अण्णा पुढे बसून हॉर्न दाबत होते, कारण साडेनवाला आम्हाला इचलकरंजीत स्टेज लावायचं होतं. मी धावत वर गेलो. चाचा नव्हते. त्यांची सून पदर सावरत बाहेर आली.

"अब्बा सांगलीला गेल्यात, लगीन हाय. तुमचं झालंय काम." तिने गवसणी माझ्या हातात दिली. "म्हनालेत, आजपातुर इतकी खुली कुनालाच काढून दिली न्हाई."

मी नाडी सैल करून आत डोकावलो. पत्र्याच्या जुन्या घोडीच्या जागी पांढऱ्याशुभ्र हाडाची, दोन बोटं रुंद घोडी बसली होती, आणि तारांच्या खाली रेशमाचे आठ बारीक धागे ओवले होते. इतकं देखणं काम मी कधी पाहिलं नव्हतं. खाली हॉर्न थांबेना. वाजवून बघायला वेळ नव्हता, आणि गरजही वाटली नाही. मी गवसणी उराशी धरून मॅटाडोरमध्ये चढलो.

मॅटाडोरमध्ये आमच्या गायिका हेमलताबाई आवटी नेहमीप्रमाणे खिडकीशी बसल्या होत्या. बाई पंचावन्नच्या, मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. त्याआधी मुलांच्या शाळेत असताना त्यांनी अण्णांना आठवीत दोनदा नापास केलं होतं, त्यामुळे अख्ख्या जगात अण्णा फक्त त्यांना दबून असत. आवाज मात्र असा, की कार्यक्रमाच्या सुपाऱ्या त्यांच्या नावावर यायच्या. माझ्याशी त्या तीन वर्षांत दोनदा बोलल्या होत्या. एकदा 'खिडकी लाव' म्हणाल्या होत्या आणि एकदा 'खिडकी उघड'.

गिरणीच्या पटांगणात मंडप होता. समोर पाचशे कामगार बायकामुलांसह खुर्च्यांवर, पहिल्या रांगेत संचालक मंडळ, मधोमध चेअरमनसाहेब. चारी खांबांवर कर्णे. चेअरमनसाहेबांचं भाषण इतकं लांबलं की आम्हाला आवाज तपासून घ्यायला सवडच मिळाली नाही. भाषण संपलं, टाळ्या पडल्या आणि अण्णा लगेच माईकवर गेले. "मित्रांनो, सुरुवात करू या एका धमाल गाण्यानं! पाय थिरकले पाहिजेत!"

मी वायर जोडली, आवाज पूर्ण सोडला, आणि पहिला सूर छेडला.

आता तो आवाज कसा होता, हे मी इतक्या वर्षांनी काय सांगू. गिरणीएवढा तंबोरा असता आणि तो कुणी कर्ण्याला लावला असता, तर असा वाजला असता. सूर फुटला, फुलला, चारी खांबांवरून एकदम बाहेर पडला आणि झंकारत पटांगणावर पसरला. विरायचं काही नावच घेईना. मी घाबरून पुन्हा छेडला. पहिला अजून संपला नव्हता, त्यात दुसरा मिसळला.

चेअरमनसाहेब उभे राहिले.

त्यांची चूक नव्हती. ह्या मुलखात स्टेजवरून तंबोरा ऐकू आला की त्याचा अर्थ एकच होतो: ईशस्तवन. ते उभे राहिले, हात जोडले आणि डोळे मिटले. त्यांच्या शेजारी संचालक मंडळ उभं राहिलं. संचालक उभे राहिल्यावर कामगार बसून कसे राहणार? मागच्या रांगांत खुर्च्या करकरल्या, बायकांनी डोक्यावरून पदर घेतले, एकीने खेळत्या पोराला धपाटा घालून उभं केलं. पाचशे माणसं हात जोडून उभी राहिली.

आणि सम्मेदने की-बोर्डवर धमाल गाणं सुरू केलं.

आमचा गाणारा पोरगेलासा होता, त्याला नाचत गायची सवय होती. तो कंबर हलवत पुढे आला, समोर बघितलं आणि जागच्या जागी थिजला. पण ढोलकी थांबली नाही म्हणून त्याने गायला सुरुवात केली. गाण्यात होतं एका मुलीच्या झुमक्यांचं वर्णन. श्रोते मान खाली घालून, भक्तिभावाने ते ऐकत होते. चेअरमनसाहेब बसत नव्हते, कारण तंबोरा थांबत नव्हता. आणि मी थांबत नव्हतो, कारण ऐकू आलास तर राहा असं अण्णांनी मला सांगितलं होतं. दुसरं गाणं प्रेमिकांच्या भांडणाचं द्वंद्वगीत होतं. तेही सगळ्यांनी उभ्यानेच ऐकलं. शेवटच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने गाणं संपल्यावर जमिनीला हात लावून नमस्कार केला.

मग अण्णांनी माईक ओढून घेतला आणि म्हणाले, "बसा, मंडळी! बसा! आता ज्येष्ठ कामगारांचा सत्कार!" सत्काराला वीस जण होते. प्रत्येकाला शाल आणि नारळ द्यायचा होता. तेवढ्या वेळात अण्णांनी मला दंडाला धरून पडद्यामागे नेलं. सम्मेद मागोमाग आला. हेमलताबाई आधीपासूनच तिथे लोखंडी खुर्चीवर बसून गरम पाण्याचे घोट घेत होत्या.

"काय केलंस हे?" अण्णा ओरडले.

"मिरजेला दिलं होतं दुरुस्तीला."

"दुरुस्तीला म्हणजे? काय सांगितलंस त्यांना?"

"म्हणालो, जवारी काढून द्या."

अण्णांनी कपाळावर हात मारून घेतला. "मग काढली की त्यांनी!"

"अहो, मला नको होती म्हणून तर काढा म्हणालो."

"अरे येड्या, जवारी काढणं म्हणजे काढून टाकणं नव्हे! जवारी काढायची म्हणजे घासूनपुसून बाहेर आणायची! विहिरीचं पाणी काढ म्हटलं की विहीर कोरडी करालायस काय तू?"

खुली म्हणजे सगळ्यांत जास्त झणझणणारी, हे मला आत्ता उमगलं. चाचांचे सगळे प्रश्न मला एकेक करून आठवत होते आणि आपण काय काय उत्तरं दिली तेही.

"बरं, ते जाऊ दे," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज एकाएकी खाली आला, आणि मला ओरडण्यापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली. "मला एक सांग. अंतऱ्यात तू काय वाजवालातास?"

"गाणं."

"गाणं नव्हे. अंतऱ्यात सूर बदलतोय. सम्मेदनं बदलला, मी बदलला. तू बदलला नाहीस. मला पहिल्यांदा वाटलं तुझी तार अडकली. दुसऱ्या गाण्यालाही तेच. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच सूर."

"सा," सम्मेद म्हणाला. तो पोरगा कानाने तयार होता.

"सा!" अण्णा म्हणाले. "आज असं झालं, का नेहमीच?"

खोटं बोलावं असं मला फार वाटलं. पण तीन वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या वाजवण्याबद्दल प्रश्न विचारत होतं.

"नेहमीच."

"तीन वर्षं?"

"पट्टी बदलली की सा बदलत होतो की अण्णा. पुस्तकातला पहिला धडाच तेवढा जमला."

हेही खरंच होतं. मी बास पुस्तकावरून शिकलो होतो. पुस्तक इंग्रजी होतं. पहिला धडा होता, गाण्याचा मूळ सूर शोधा आणि तो तालात धरून ठेवा. तो मला जमला. दुसऱ्या धड्यात इंग्रजी वाढत गेलं आणि बोटं गोंधळली. पुढचं येईपर्यंत पहिल्यावर भागवू, असं मी ठरवलं. पहिल्या कार्यक्रमात कुणी काही म्हणालं नाही. दुसऱ्यातही नाही. मग दुसरा धडा राहूनच गेला. लोकांना रिकामं दिसू नये म्हणून मी डावा हात मानेवरून खालीवर पळवायचो, पण सा हा एकाच बासवर चार ठिकाणी सापडतो, आणि मी त्या चारांतच फिरायचो.

"म्हणजे मी," अण्णा सावकाश म्हणाले, "तीन वर्षं एका सा ला मॅटाडोरनं फिरवालोय. चमकीचा शर्ट शिवून दिलाय सा ला."

सम्मेदला हसू आवरेना. मला जमीन दुभंगावी असं वाटलं. मी वाद्य गळ्यातून काढायला लागलो; मान जड, त्यात ते माप, पट्टा कानात अडकला.

"खाली उतर. मागं मॅटाडोरमध्ये जाऊन बस. सम्मेद, आता बाईंचं भावगीत आहे, बास तू वाजव."

"धन्या," हेमलताबाई म्हणाल्या.

अण्णांना धन्या म्हणणारं त्या जिल्ह्यात दुसरं कुणी नव्हतं. ते आठवीतल्यासारखे वळले.

"त्याला कशाला उतरवतोस?"

"बाई, तुम्ही ऐकलं नाही काय? तो नुसता सा वाजवतोय. तीन वर्षं झाली."

"मला माहिती आहे."

"माहिती आहे?"

"पहिल्या कार्यक्रमापासून."

"बाई, आमच्यापैकी कुणाला कधी ऐकू आलं नाही. तुम्हाला कसं ऐकू आलं?"

"ऐकू मलाही येत नाही. पायाला लागतं."

त्यांनी नऊवारीचा काठ किंचित वर केला. पाय अनवाणी होते. बाई नेहमीच चपला काढून गायच्या. आम्ही सगळे ते रंगदेवतेला मान देणं समजत होतो. अण्णा तर निवेदनात तसं सांगून टाळ्याही घ्यायचे.

"त्याचा स्पीकरचा डबा स्टेजवर ठेवलेला असतो ना? त्यातून सा फळीत उतरतो. फळीतून माझ्या पायात येतो. तुमचं वर काय चालायचं ते चालू दे, मी त्याच्यावर गाते." त्यांनी गरम पाण्याचा घोट घेतला. "माझ्या घरी तंबोरा आहे, धन्या. पण तुझ्या मॅटाडोरमध्ये तंबोऱ्याला तू जागा दिली नसतीस. ह्याला दिलीस."

"पण बाई, सम्मेदचा डावा हात..."

"सम्मेदचा हात चांगला आहे. पण तो सारखा कुठंतरी निघालेला असतो. मला उभं राहायला एक जागा लागते. हा गेला तर मी कुठं उभी राहू, ते सांग."

अण्णांनी डोकं खाजवलं. गणिताच्या तासाला फळ्यासमोर त्यांचं असंच होत असणार. शेवटी हळूच म्हणाले, "आणि लोक परत उभे राहिले तर?"

"तर त्यांना बसा म्हणून सांग. माईक तुझ्याकडे आहे."

मग त्या माझ्याकडे वळल्या. मी पट्टा कानात अडकलेल्या अवस्थेत तसाच उभा होतो. मला खरं सांगायचं तर रडू येत होतं. तीन वर्षं मी स्टेजवर जाऊन कुणाच्याही कानावर न पडणारी गोष्ट वाजवत होतो, हे मला माझं मलाच ठाऊक होतं, आणि ते मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. आणि एवढा सगळा वेळ कुणीतरी त्यावर पाय रोवून उभं होतं.

"आणि तू," बाई म्हणाल्या, "पुढचे धडे वाचायला घेऊ नकोस. चल."

बाहेर विसावा नारळ देऊन झाला. अण्णांनी माईकवर जाऊन आधी सगळ्यांना दोनदा, निक्षून, बसून घ्यायला सांगितलं. मग भावगीताची घोषणा केली. बाई पुढे आल्या. त्यांनी सम्मेदला हाताने थांबवलं, ढोलकीला थांबवलं. फक्त मला मान हलवली.

मी सा छेडला. तो कर्ण्यांतून फुलत बाहेर गेला, आणि बाईंनी पहिली ओळ त्याच्यावर ठेवली. खुर्च्यांचा आवाज बंद झाला. पोरं गप्प झाली. समोर कापसाचे कण उडत होते, ते तेवढे हलत होते. इतकं चांगलं गाणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि त्यात मी होतो.

तिथेच घोटाळा झाला. माझी नजर बाईंच्या पायांकडे गेली. आता आपण जे वाजवू ते ह्यांना लागणार, हे मनात आलं आणि बोटांना घाम फुटला. तीन वर्षांत कधी झालं नव्हतं ते झालं. बोट एक घर सरकलं आणि एक भलताच सूर, जोडतारांसकट, जवारीसकट, गिरणीच्या धुराड्यापर्यंत जाऊन आला.

चेअरमनसाहेब दचकून अर्धवट उठले. अण्णा विंगेतून हातांनी "बसा, बसा" करायला लागले.

बाई ओळीच्या मधोमध थांबल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. माईकमध्येच, वर्गात खडू हातात घेऊन म्हणतात त्या आवाजात, सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "श्रेणिक. सा."

पाचशे माणसं माझ्याकडे बघत होती. मी शर्टाला बोटं पुसली, सा होता तिथे नीट ठेवली आणि तो छेडला. बाईंनी दोन क्षण तो पायांखाली येऊ दिला आणि ओळ पुन्हा सुरुवातीपासून घेतली.